चिऱ्यावरचं शैवाक ओळखायचं कसं? सुरुवात घरच्या गडग्यापासून

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या गावात गडग्यावर, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या कुंपणभिंतीवर, जे काही उगवतं त्याला सगळे एकच नाव देतात: शेवाळ. हिरवं, काळं, राखाडी, भगवं, सगळं शेवाळच. गणेश चवथीआधी घराची साफसफाई निघाली की तारेचा ब्रश फिरतो आणि ते सगळं एकाच झटक्यात खरवडलं जातं. खरं तर त्यातलं बरंचसं शेवाळ नसतं. चिऱ्याला राखाडी किंवा पांढुरक्या गोल डागांसारखं चिकटून बसलेलं जे दिसतं ते शैवाक, म्हणजे लायकेन. दगडावरचं पापडासारखं शैवाक साधारणपणे वर्षाला अर्धा ते दोन मिलिमीटर वाढतं. म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा डाग दहा-वीस वर्षांचा सहज असू शकतो. ब्रशाला तो काढायला दोन सेकंदही लागत नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना शैवाक दाखवायला कुठल्या जंगलात न्यावं लागत नाही, शाळेच्या आवाराची भिंत पुरते. मात्र नुसतं 'बघा' म्हटलं की मुलांना काहीच दिसत नाही. काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने, हे सांगावं लागतं. तोच क्रम इथे लिहिते आहे.

पहिली पायरी: दगडफूल भिजवा

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. शागुतीच्या मसाल्यात पडणारं दगडफूल हे शैवाकच आहे, बहुतेक वेळा पार्मोट्रेमा किंवा त्याच्या जवळच्या कुळातलं. दुकानातून दहा-वीस रुपयांचं आणा आणि त्यातला सर्वांत मोठा, न चुरगळलेला तुकडा निवडा.

कोरडा असताना तो नीट बघा. वरची बाजू राखाडी, खालची काळी आणि कडेला तपकिरी पट्टा. खालच्या काळ्या बाजूवर बारीक केसांसारखे धागे दिसतील. ती मुळं नव्हेत. त्यांनी अन्नपाणी शोषलं जात नाही, शैवाक फक्त आधाराला धरून राहतं. त्या धाग्यांत कधी कधी झाडाच्या सालीचा चुरा अडकलेला सापडतो. नाव दगडफूल असलं तरी बाजारातला बराचसा माल झाडांवरून काढलेला असतो.

आता तो तुकडा बशीभर पाण्यात टाका. दोन-तीन मिनिटांत तो चामड्यासारखा मऊ होतो आणि वरच्या राखाडी रंगातून हिरवा डोकावायला लागतो. माल जुना असेल तर हा हिरवा मळकट दिसेल, पण दिसेल. नव्या ब्लेडने त्याची कड आडवी कापा आणि तो काप भिंगाखाली धरा. वर पातळ कातडं, त्याच्या लगेच खाली केसाएवढी हिरवी रेघ, मग पांढरा शुभ्र कापसासारखा थर आणि तळाला काळं कातडं. हिरवी रेघ म्हणजे शैवाल (अल्गी), बाकी जवळजवळ सगळी बुरशी. शैवाल उन्हावर साखर तयार करतं. बुरशी घर उभारते, पाणी धरून ठेवते आणि कडक ऊन अडवते. कोरडेपणी वरचं कातडं अपारदर्शक असतं, भिजलं की ते पारदर्शक होतं आणि आतली हिरवी रेघ बाहेर दिसते. रंग बदलतो तो एवढ्यामुळेच.

शैवाक म्हणजे दोन जिवांचा एकत्र संसार, हे १८६७ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी मांडलं तेव्हा त्या काळच्या अनेक जाणकारांना ते अजिबात पटलं नव्हतं. २०१६ मध्ये तर काही शैवाकांच्या वरच्या कातड्यात यीस्टसारखी आणखी एक बुरशी सापडली. शैवाकाचं शास्त्रीय नाव मात्र त्यातल्या मुख्य बुरशीचंच असतं.

हा प्रयोग टाळू नका. पुढे गडग्यावर जे दिसेल त्याची घडण साधारण अशीच, पण पापडासारख्या शैवाकाला तळाचं कातडं नसतं आणि ते दगडाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की तिथे काप घेता येत नाही.

दुसरी पायरी: पिशवीत काय काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, पाण्याची फवारणीची बाटली, प्लास्टिकची पट्टी, मऊ ब्रश, वही-पेन्सिल, मोबाइल. भिंग दगडाजवळ नेऊन लांबून बघू नका. भिंग डोळ्याला टेकवा आणि स्वतः दगडाच्या दिशेने पुढे सरका, चित्र स्पष्ट होईपर्यंत. नाक चिऱ्याला लागेल इतकं जवळ जावं लागतं. मुलांना हे एकदा जमलं की ती भिंतीपासून हलत नाहीत.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात सडे (जांभ्याची उघडी पठारं) आणि पायऱ्या फार निसरड्या असतात, आणि शेवाळ व मॉस इतकं माजतं की शैवाक त्याखाली झाकलं जातं.

तिसरी पायरी: चौघांतून शैवाक वेगळं काढा

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे वेळ घालवा. गोव्यातल्या जुन्या भिंतीवर साधारण चार प्रकारचे रहिवासी एकमेकांच्या अंगावर राहतात.

भगवा किंवा विटकरी, मखमलीसारखा थर. पावसात भिजणाऱ्या भिंती, देवळांचे जुने तट, चर्चच्या मागच्या बाजू यामुळे पार रंगून जातात. लोक त्याला गंज समजतात, कोणी शैवाक समजतं. ते असतं ट्रेंटेपोहलिया नावाचं शैवाल. जातीने ते हिरवं शैवालच, पण गाजरात असतं तसं कॅरोटीन त्यात इतकं भरलेलं असतं की हिरवा रंग दबून जातो. बोट फिरवलं तर मऊ लागतं आणि बोटाला रंगाची भुकटी येते. त्याला ठरावीक कड नसते, पाणी जिथवर ओघळतं तिथवर ते पसरतं. गंमत म्हणजे हेच ट्रेंटेपोहलिया काही शैवाकांच्या आत भागीदार म्हणूनही राहतं. अशा शैवाकाला नखाने हलकंसं खरचटलं तर आत पोपटी हिरव्याऐवजी पिवळसर-भगवी छटा दिसते.

काळा थर. कोरड्या दिवसांत जांभ्याचे सडे काळपट दिसतात, छपरावरून पाणी ओघळतं तिथे भिंतीवर काळे पट्टे उठतात. ही बहुतेक नील-हरित शैवालं. त्यांच्या पेशींभोवतीच्या आवरणात उन्हापासून वाचवणारं गडद रंगद्रव्य असतं. पाणी मारलं की हा थर बुळबुळीत होतो आणि काळ्याचा हिरवट-काळा होतो. काळ्या थराला कड, पाळी किंवा वाट्या दिसल्या तरच शैवाकाचा विचार करा.

मॉस. हे ओळखायला सोपं. भिंगाखाली बारीक देठ आणि पानं दिसतात. शैवाकाला देठ-पान असं काही नसतं.

आणि शैवाक. ओळखायच्या तीन खुणा: आकाराला स्वतःची कड असते, बोटाने घासलं तरी निघत नाही, आणि पाणी मारल्यावर रंग बदलतो पण ते बुळबुळीत होत नाही. तिसऱ्या खुणेला अपवाद आहे. कोलेमा आणि लेप्टोजियम ही शैवाकं भिजली की जेलीसारखी फुगतात, कारण त्यांचा भागीदार नील-हरित असतो.

या चारांखेरीज दोन निर्जीव गोष्टी फसवतात. एक म्हणजे भिंतीतून बाहेर पडलेलं पांढरं मीठ. ते पाण्याने विरघळतं. दुसरा म्हणजे चुन्याच्या जुन्या रंगाचा उरलेला पोपडा, त्याची कड तुटलेली असते, वाढलेली नसते. भिंगाखाली दोन्ही लगेच उघडे पडतात.

चौथी पायरी: खालचा दगड कोणता?

शैवाकाच्या जाती दगड बघून बसतात, म्हणून वहीत शैवाकाआधी दगडाची नोंद करा.

गोव्यात सर्वांत आधी समोर येतो जांभा, म्हणजे आपला चिरा. फ्रान्सिस ब्युकॅननने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेसाठीच्या शब्दावरून. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कडक होतो. त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, चुना मात्र जवळजवळ सगळा लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन नेलेला. त्यामुळे चुना आवडणारी शैवाकं नुसत्या चिऱ्यावर सहसा बसत नाहीत. पण त्याच भिंतीत दोन चिऱ्यांमध्ये चुन्याचा जुना सांधा असेल, किंवा वर सिमेंटची कड असेल, तर तिथे वेगळीच वस्ती दिसते. सांध्यावर बारीक पिवळे-नारिंगी ठिपके दिसले तर ते कॅलोप्लाका या शैवाकाच्या गोतावळ्यातले असण्याची शक्यता चांगली. दगडात चुना आहे का हे घरी तपासायचं असेल, तर सुटलेल्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. देवळावर, किल्ल्यावर किंवा कुठल्याही जुन्या वास्तूवर हे कधीच करू नका.

चिऱ्याचा दुसरा गुण म्हणजे त्याची भोकं. भोकांत ओल टिकते, तिथे मॉस आणि नील-हरित शैवालं घर करतात. दोन भोकांमधले उंचवटे लवकर सुकतात, तिथे शैवाक. एकाच चिऱ्यावर, वीतभर जागेत, हे नकाशासारखं वाटून घेतलेलं दिसतं.

काणकोणकडचा ग्रॅनाइटसारखा कठीण दगड, पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावरचे मोठाले खडक, सत्तरीच्या टोकाला सह्याद्रीचा काळा दगड, तांबडी सुर्ल्याच्या बाराव्या शतकातल्या महादेव मंदिराचा काळा दगड: हे सगळे चिऱ्यापेक्षा घट्ट आणि गुळगुळीत. पापडासारखी शैवाकं त्यांवर जास्त स्वच्छ, गोल आणि मोठी दिसतात. सुरुवातीला ओळखायला अशा दगडावरची सोपी पडतात.

दगडाबरोबर जागाही लिहा. भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, झाडाची सावली आहे का, समुद्राचा खारा वारा लागतो का, वर पक्षी बसतात का. गडग्याच्या ज्या उंच दगडावर कावळा रोज बसतो तिथे विष्ठेतला नायट्रोजन मिळतो आणि तो आवडणाऱ्या जाती दाट येतात.

पाचवी पायरी: अंगाची ठेवण

आता भिंग. पहिला प्रश्न एवढाच विचारा: याची कड नखाने उचलता येईल का? (उचलायची नाही, फक्त अंदाज घ्यायचा.)

कड दगडात मिसळून गेली असेल, शैवाक दगडावर रंगवल्यासारखं दिसत असेल, तर ते क्रस्टोज, म्हणजे पापडी. गोव्यातल्या उघड्या दगडांवर हीच सर्वांत जास्त. काहींच्या अंगावर बारीक भेगांचं जाळं असतं, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारखं.

पाकळ्यांसारखे कापे असतील आणि कड दगडापासून थोडी सुटी असेल, तर ते फोलिओज, पानासारखं. भिजवलेलं दगडफूल याच गटातलं. नारळाच्या खोडावर आणि जुन्या भिंतींवर सापडणारं राखाडी डिरिनेरियाही याच गटातलं. पण ते इतकं चपटं बसतं आणि खाली धागे नसतात, की नवखा माणूस त्याला पापडी समजतो. कडेच्या पाकळ्या मोजता आल्या तर ते पानासारखं.

तिसरा गट खवल्यांचा: बारीक सुटे खवले, एकेक मधोमध दगडाला टाचलेला. सड्यासारख्या उघड्या, तापणाऱ्या खडकावर पेल्टुला या नील-हरित भागीदाराच्या शैवाकाचे असे ऑलिव्ह-तपकिरी खवले शोधावे. दुपारी पाय भाजतो त्या दगडावर ते महिनोन् महिने कोरडे राहतात. अंगातलं पाणी अगदी थोडं उरलं तरी मरत नाहीत, फक्त काम थांबवतात.

झुडपासारखी, लोंबणारी शैवाकं दगडावर गोव्यात कमीच. किनाऱ्यालगत झाडांवर राखाडी, चपट्या फितींसारखं लोंबणारं रोसेला मॉन्टाग्नी मात्र पाहण्यासारखं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस रोसेला कुळातल्या शैवाकांपासूनच काढला जायचा.

ठेवण कळली की पृष्ठभागावर काय आहे ते बघा. बारीक वाट्या किंवा तबकड्या दिसल्या तर ती बुरशीची बीजाणू तयार करणारी जागा. तबकडीची कड अंगाच्याच रंगाची आहे की तबकडीच्या, हे नक्की लिहा. जात ठरवताना तज्ज्ञ सर्वांत आधी तेच विचारतात. नुसते काळे ठिपके, सुईने टोचल्यासारखे, असतील तर बीजाणूंच्या कुप्या दगडात रुतलेल्या आहेत. वाट्या नसतील आणि पिठासारखी भुकटी असेल, तर त्या भुकटीच्या कणाकणात बुरशी आणि शैवाल दोघंही एकत्र बांधलेली असतात. वाऱ्याने किंवा पावसाच्या थेंबाने कण उडाला की नव्या दगडावर सगळा संसार एकदम सुरू होतो. भुकटीऐवजी बारीक खुंट, रव्याएवढे, असतील तर त्यांचंही काम तेच, फक्त ते मोडून पडतात.

सहावी पायरी: पाणी, रसायन, प्रकाश

पाण्याची फवारणी प्रत्येक वेळी करा. आधी कोरड्याचा फोटो, मग फवारा, मग एक मिनिटाने पुन्हा फोटो. हिरव्या भागीदाराची शैवाकं दमट हवेतूनही पुरेशी ओल घेऊन कामाला लागतात. डिसेंबरच्या पहाटेचं दव त्यांना पुरतं. नील-हरित भागीदाराच्यांना प्रत्यक्ष पाणी लागतं. हिवाळ्यात सकाळी सातला गडग्यापाशी गेलात तर फवारा न मारताही काही डाग हिरवट झालेले दिसतील, शेजारचे काळे तसेच सुके. हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो आणि मला तो फार आवडतो.

रसायनांच्या चाचण्या घरी, सुटलेल्या तुकड्यावरच. बिनवासाचं साधं ब्लीच घ्या आणि काडीच्या टोकाने थेंब लावा. पार्मोट्रेमा टिंक्टोरमच्या आतल्या पांढऱ्या थरावर थेंब पडला की तो लाल होतो. कॉस्टिक पोटॅशचं दहा-वीस टक्क्यांचं द्रावण राखाडी शैवाकांच्या कातड्यावर पिवळा, तर कॅलोप्लाकाच्या नारिंगीवर जांभळा रंग देतं. ते कातडी आणि डोळे भाजतं, म्हणून मुलांच्या हातात देऊ नका. शाळेत मी फक्त ब्लीच वापरते, तेही हातमोजे घालून.

अंधारात अतिनील टॉर्च हा सर्वांत सुंदर प्रकार. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घ्या, प्रकाश डोळ्यात जाऊ देऊ नका. पिक्सिने कोकोज या शैवाकाच्या नावातच नारळ आहे. त्याच्या कातड्यात लायकेझॅन्थोन हे अतिनील प्रकाशात चमकणारं रसायन असतं. दिवसा साधा राखाडी वाटणारा डाग टॉर्चखाली पिवळा धमक पेटतो आणि शेजारचा तसाच दिसणारा काळोखातच राहतो. रात्री जेवणानंतर पोरसातल्या माडांवर आणि गडग्यावर टॉर्च फिरवा, एकसारखे दिसणारे डाग दोन जातींचे होते हे तिथल्या तिथे कळतं.

सातवी पायरी: एकच डाग, दर वर्षी

नावं पाठ करण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. गडग्यावरचा एक डाग निवडा. ओव्हरहेड प्रोजेक्टरची असते तशी पारदर्शक शीट त्यावर धरा आणि न पुसणाऱ्या बारीक पेनाने कड गिरवा. चिऱ्यावरची दोन ठळक भोकंही शीटवर खुणा म्हणून काढा, म्हणजे पुढच्या वेळी शीट नेमकी त्याच जागी बसेल. तारीख घाला. पट्टी ठेवून समोरून फोटो काढा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, डाग कोरडा असताना, वेगळ्या रंगाच्या पेनाने त्याच शीटवर पुन्हा गिरवा. एका वर्षात रेघा जवळजवळ एकावर एक येतील. तीन वर्षांनी अंतर दिसायला लागतं, आणि ते सगळीकडे सारखं नसतं: सावलीच्या बाजूला जास्त, शेजारच्या शैवाकाला भिडलं तिथे शून्य. दोन शैवाकं भिडतात तिथे मधे बारीक काळी रेघ दिसते. ती जपून बघा.

माझ्याकडे अशी सहा वर्षांची एक शीट आहे. सातव्या वर्षी रंगकामाला आलेल्या माणसाने मी शाळेत असताना पाण्याच्या जोराच्या यंत्राने गडगा धुतला. संध्याकाळी आले तेव्हा चिरे नव्यासारखे लाल दिसत होते. त्याचा काही दोष नव्हता, मीच त्याला सांगितलं नव्हतं. ती शीट मी आजही मुलांना दाखवते. सहा रंगांच्या सहा रेघा आहेत तिच्यावर.

गोळा करायचं असेल तर

अभयारण्यांतून काहीही आणायचं नाही. भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, कुठूनही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे परवानगीशिवाय काढायला बंदी आहे. संरक्षित स्मारकांवर तर स्पर्शही नको. कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेल्या शंभरावर आकृती आहेत. तिथे कोरीव रेघ आणि शैवाकाची कड एकमेकांत गुंतलेली असू शकते. शैवाक काढायला गेलात तर दगडाचे कणही सोबत येतात, आणि तीच ती कोरलेली रेघ असते. तिथे फक्त भिंग, फोटो आणि तिरपं ऊन.

स्वतःच्या आवारातलं नमुन्यापुरतं घ्यायचं असेल तर आधीच सुटलेला दगडाचा तुकडा घ्या. सावलीत वाळवा, दाबू नका, कागदाची पुडी बांधा. पुडीवर जागा, दगड, दिशा, तारीख. प्लास्टिकमध्ये ठेवलं तर बुरा येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत शैवाकांचे मोठे संग्रह आहेत. जातीपर्यंत पोहोचायचं तर बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, ते काम अशाच ठिकाणी होतं.

घराच्या भिंतीवरचं काढू का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. शैवाक ऑक्झॅलिक आम्ल सोडतं, बुरशीचे तंतू दगडाच्या भेगांत शिरतात आणि भिजताना-सुकताना फुगतात-आक्रसतात, हे खरं. पण तो वेग दशकांचा आहे. तारेचा ब्रश, आम्ल किंवा जोराचं पाणी चिऱ्याचं कडक झालेलं वरचं कवच एका दिवसात काढतं, आणि आतला मऊ चिरा पावसासमोर उघडा पडतो. उघड्या चिऱ्याचं काय होतं ते जुन्या गोव्यात दिसतं. १६०५ च्या बॉम जेझू बासिलिकेवरचा गिलावा विसाव्या शतकात काढला गेला आणि तेव्हापासून पावसात झिजणाऱ्या त्या चिऱ्यांची चिंता संपलेली नाही.

म्हणून आधी पाणी बघा. भिंत सतत भिजते ती गळक्या पन्हळीने की जमिनीतून चढणाऱ्या ओलीने, ते दुरुस्त करा. हिरवं-काळं बुळबुळीत शेवाळ निम्म्याने तिथेच कमी होतं. पायऱ्यांवरचं निसरडं काढायलाच हवं, त्यासाठी नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि साधं पाणी पुरतं. राहत्या भिंतीला चुना लावायचा असेल तर खुशाल लावा, चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. चिऱ्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा केला की ओल आत अडकते. गडगा मात्र आहे तसा राहू द्या. त्याला रंग लागत नाही.

चवथीआधी रंगारी येतो त्या दिवशी मी आता नव्याने निवडलेल्या डागावर सकाळीच जुनी तांदळाची गोणी टांगते आणि ती का टांगली ते त्याला दाखवते. गेल्या वर्षी त्याने स्वतःच भिंग मागून घेतलं.